घरात जनावर असलं की: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ढोरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून एकतीस वर्षं काढली. चोपडा, शिरपूर, शहादा, आणि शेवटी जळगाव. निवृत्त झालो तरी फोन थांबत नाहीत. पूर्वी विचारणा असायची, "भाऊ, म्हैस पान्हा सोडत नही, काय करू?" आता निम्मे फोन कुत्र्या-मांजरांचे असतात, आणि त्यातले बरेचसे खरं तर त्या घरातल्या माणसांबद्दलच असतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून एकदाचे लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही. औषधाचं नाव आणि मात्रा माझ्याकडे मागू नका.

प्राणी पाळल्याने माणसाची तब्येत खरंच सुधारते का, की उगाच म्हणतात?

दोन्ही. अमेरिकेत १९८० साली एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या विभागातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, नसलेल्या ३९ जणांपैकी ११. या आकड्यांवरून जगभर चर्चा सुरू झाली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही मान्य केलं की कुत्रा पाळणं आणि हृदयविकाराचा धोका कमी असणं यांचा संबंध दिसतो. पण फक्त त्यासाठी कुत्रा आणू नका, हेही त्यांनी बजावलं.

याचं कारण साधं आहे. ज्याच्या पायात बळ आहे तोच कुत्रा पाळतो. मग कुत्र्यामुळे तो धडधाकट राहिला, की धडधाकट होता म्हणून कुत्रा पाळला? नैराश्य आणि एकटेपणाबद्दलचे निष्कर्षही असेच उलटसुलट आहेत.

माझं मत विचाराल तर फायदा प्राण्यात नसतो, त्याच्या वेळापत्रकात असतो. यावलकडच्या एका गुरुजींना साखर होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मुलांनी बूट आणून दिले, बूट खोक्यातच राहिले. मग नातवाने कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि नातू पुण्याला निघून गेला. पिल्लू पहाटे साडेपाचला गुरुजींचं पांघरूण ओढायचं. उठले नाहीत तर ओट्यावर घाण व्हायची आणि ती काढायची कोणी? गुरुजी चालायला लागले. रोज तीन किलोमीटर, शिव्या देत.

कुत्रा डोळ्यांत बघतो तेव्हा इतकं बरं का वाटतं?

ऑक्सिटोसिनमुळे. गोठा असलेल्यांना हे नाव नवं नाही. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही लोक चोरून ज्याचं इंजेक्शन टोचतात ते हेच. (असं टोचणं गुन्हा आहे, आणि जनावराचे हाल होतात ते वेगळेच.) बाळाला पाजताना आईच्या अंगात जे संप्रेरक वाढतं तेही हेच. जपानमध्ये मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले तर दोघांच्याही लघवीत ऑक्सिटोसिनचं प्रमाण वाढलेलं सापडतं. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत तसं घडलं नाही.

आणखी एक गंमत. कुत्र्याला भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक स्नायू असतो. लांडग्यात तो जवळजवळ नसतोच. आपण भाकरी मोडायला बसलो की समोर जो केविलवाणा चेहरा होतो, तो या स्नायूचा प्रताप. किमान पंधरा हजार वर्षं हा प्राणी आपल्यासोबत आहे. एवढ्या काळात त्याने आपला कच्चा दुवा बरोबर हेरलाय.

ही ओळख कुत्र्यापुरतीच नाही, म्हशीचंच घ्या. घरची बाई माहेरी गेली की म्हैस अडून बसते. वास वेगळा, हात वेगळा, बांगड्यांचा आवाज नाही. शहाद्याकडे एकाने यावर तोडगा काढला होता. बायकोचं जुनं लुगडं खांद्यावर घेऊन तो धारेला बसायचा. गल्लीने महिनाभर चेष्टा केली, पण बादली भरायची.

मी घरी येण्याआधीच कुत्रा फाटकात जाऊन बसतो. त्याला कसं कळतं?

दिव्यशक्ती नाही. तुमच्या गाडीचा आवाज त्याला घरच्यांच्या कितीतरी आधी ऐकू येतो. माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंत चालतो, कुत्र्याचा त्याच्या दुपटीच्याही वर. आणि आवाज नसला तरी दिवसाच्या खुणा असतात: उन्हाची तिरीप, शेजारच्या घरी कुकरची शिट्टी, नळ येण्याची वेळ.

आमचा भुऱ्या संध्याकाळी सव्वासहाला फाटकाशी जायचा, कारण मी साडेसहाला यायचो. मी निवृत्त झालो त्या दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी ओट्यावरच बसलो होतो, चहा घेत. भुऱ्या उठला, माझ्यासमोरून गेला, फाटकाशी बसला. साडेसहा झाले, सात झाले. मधूनच मागे वळून माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा रस्त्याकडे. हे तीन आठवडे चाललं. घरचे हसायचे, पण मला त्याचं बरोबर वाटायचं. माझीही तीच अवस्था होती.

चूक केल्यावर कुत्रा कान पाडून बसतो. म्हणजे त्याला चूक कळते ना?

कळत नाही. तुमचा राग कळतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये छान प्रयोग केला. खाऊ ठेवायचा, 'नको' म्हणायचं, मालकाला खोलीबाहेर पाठवायचं. कधी कुत्र्याने खाऊ खाल्ला, कधी खाल्लाच नाही, पण मालकाला मात्र 'खाल्ला' असं खोटंच सांगितलं. ज्यांनी काहीच केलं नव्हतं तेही ओरडा बसल्यावर तितकेच अपराधी दिसले.

म्हणून दुपारी केलेल्या घाणीसाठी संध्याकाळी बदडू नका, नाक घासू नका. त्यातून तो एवढंच शिकतो की तुम्ही दारातून आत येणं वाईट असतं.

आमच्या घरातल्या भांडणांचा, ताणाचा प्राण्यावर परिणाम होतो का?

होतो. स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठात २०१९ मध्ये ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल तपासलं गेलं. ताणाचं हे संप्रेरक केसात साचत जातं, त्यामुळे मागच्या काही महिन्यांचा हिशोब केसातून कळतो. मालकिणीचं वाढलेलं तर कुत्र्याचंही वाढलेलं, असं आढळलं. आणि ताण बहुधा माणसाकडून कुत्र्याकडे जाणारा दिसला.

मला यासाठी केस तपासावे लागले नाहीत. वाटणीवरून भाऊ-भाऊ भांडत असलेल्या वाड्यात लसीकरणाला गेलो की जनावरं धरायला त्रास व्हायचा. शांत घरची बैलजोडी सुईला मान हलवायची नाही. आधी माणसं ओरडायची, मग जनावर भडकायचं. "चावरा आहे हो आमचा," असं सांगणाऱ्यांना मी आधी विचारतो की घरात आवाज कुणाचा मोठा आहे. काहींना राग येतो.

याचा अर्थ भांडूच नका असा नाही. पण प्राण्याला कोपरा हवा: खाटेखालची जागा, जिन्याखालचं पोतं, काहीही. तिथे गेल्यावर त्याला कोणी ओढून काढायचं नाही. दिवाळीच्या फटाक्यांत आणि वरातीच्या डीजेत हाच कोपरा उपयोगी पडतो.

घोडा माणसाचं मन ओळखतो असं सारंगखेड्याला सगळे सांगतात. खरं का?

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो तेव्हा तिथल्या गप्पा ऐकाव्यात! निम्म्या थापा असतात, पण या एका गोष्टीत तथ्य आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. 'तीन अधिक चार?' म्हटलं की सात वेळा टाप आपटून थांबायचा. मोठमोठे लोक चाट पडले. १९०७ मध्ये ऑस्कर फुंगस्ट या मानसशास्त्रज्ञाने भांडं फोडलं. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसलं की हान्स नापास. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि घोडा तेवढ्यावर थांबायचा. म्हणजे त्याला गणित येत नव्हतं, माणूस वाचता येत होता. मला तर हे गणितापेक्षा अवघड वाटतं.

घोडा घ्यायला गेलात तर एक करा. विकणाऱ्याला दहा पावलं लांब उभं करा आणि मग घोडा कसा वागतो ते बघा.

खान्देशातल्या उन्हाळ्यात कुत्रा-मांजर कसं सांभाळायचं?

याबद्दल सविस्तर सांगतो, कारण दर मे महिन्यात नुसत्या अज्ञानामुळे कुत्री मरतात. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आपल्याला घाम येतो, तो वाळताना अंग थंड होतं. कुत्र्याला घाम फक्त पायाच्या गाद्यांना येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. त्याचं अंग मुळातच ३८ ते ३९ अंश असतं. ते ४१ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात.

फिरवायचं ते सूर्य उगवायच्या आत आणि रात्री आठनंतर. संध्याकाळी सहाला हवा बरी वाटते, पण डांबर तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पायांनाही तो रस्ता सोसणार नाही. कुत्र्याला गाडीत ठेवून 'दोनच मिनिटांत येतो' म्हणत दुकानात जाऊ नका. पत्र्याच्या शेडखाली बांधू नका. दुपारी पत्र्याखालची जागा म्हणजे भट्टी.

कूलर असेल तर उत्तम. नसेल तर ओलं गोणपाट, सावलीतली भिजवलेली माती, दोन-तीन ठिकाणी पाणी. जुन्या धाब्याच्या घरांत हा प्रश्नच नव्हता, मातीचं छत दुपार झेलायचं. आमचा भुऱ्या माठाच्या तिवईखाली खड्डा करून पोट टेकवून पडतो. माठ पाझरतो, माती गार राहते. सौ. रोज तो खड्डा बुजवते आणि तो रोज पुन्हा उकरतो. मी मध्ये पडत नाही.

जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल लटपटती, उलटी, अशी लक्षणं दिसली तर ऊन लागलंय. लगेच सावलीत घ्या, साध्या पाण्याने पोट, जांघा, पाय भिजवा आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, खाली ऊब कोंडते. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि त्याच अवस्थेत दवाखान्यात न्या, 'बरा वाटतोय' म्हणून थांबू नका.

हस्की आणायचाय असं कोणी म्हणालं की मी गप्प बसतो. तो बर्फातला प्राणी आहे आणि आपण तापीच्या खोऱ्यात राहतो. पग, शिह त्झू यांचं नाक चपटं, त्यांना धापाही नीट टाकता येत नाहीत. आपला गावठी कुत्रा या हवेसाठीच घडलाय.

म्हशीचंही सांगून टाकतो. काळं कातडं, घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे ती डबक्यात लोळते. तिचा तो आळस नाही, गरज आहे. डबकं नसेल तर दुपारी दोनदा पाणी मारा.

शिळं-पाकं, उरलेली भाजी कुत्र्याला चालते ना? आमच्याकडे पूर्वीपासून तेच देतात.

भाकरी चालते. ज्वारीची, कळण्याची, दोन्ही. ताक-भाकरी बहुतेकांना पचते. आपला रस्सा मात्र चालत नाही. खान्देशी काळ्या मसाल्यात भाजलेला कांदा आणि लसूण ठासून भरलेला असतो, आणि हे दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. शेवभाजीचा रस्सा, भरीत (त्यात कांद्याची पातही आली), रोज थोडं थोडं देत राहिलं तर हिरड्या पांढऱ्या पडतात, कुत्रा मलूल होतो आणि मालक म्हणतो, 'काही तर नवीन दिलं नाही.' द्राक्षं, मनुका, चॉकलेट यांनाही बंदी. शिजवलेली कोंबडीची हाडं उभी फुटतात आणि आतड्यात रुततात.

आमच्या घरी मांसाहार नाही. मांजर पाळता येईल का?

पाळता येईल, पण तिला शाकाहारी करता येणार नाही. मांजराला टॉरिन नावाचा घटक अन्नातून मिळावाच लागतो आणि नैसर्गिकरीत्या तो मुख्यतः मांस-मासळीतच असतो. तो मिळाला नाही तर दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. दूध-पोळीवर वाढलेली गावातली मांजरी कशी जगते? कोठारातल्या उंदरांवर. फ्लॅटमधल्या मांजरीला उंदीर कुठून मिळणार? तिला मांजरांसाठीचं तयार खाद्य द्यावं लागतं, आणि त्यात काय असतं ते पुडक्यावर लिहिलेलं असतं. ते घरात आणणं मान्य नसेल तर कुत्रा पाळा, त्याचं शाकाहारावर नीट लक्ष दिलं तर भागतं.

बऱ्याच मोठ्या मांजरींना दूधही पचत नाही, जुलाब होतात.

मांजर माणसावर प्रेम करतं का? की फक्त खायला येतं?

मोठी झालेली मांजरं आपसांत फारसं 'म्याव' करत नाहीत. तो आवाज त्यांनी बहुतेक माणसांसाठीच ठेवलाय. स्वतःचं नाव त्यांना ओळखता येतं, हे जपानमध्ये २०१९ मध्ये तपासून झालंय. ओळखूनही येत नाहीत, हा त्यांचा स्वभाव. तिच्याकडे बघून डोळे सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. विश्वास असेल तर तीही तसंच करते. मेलेला उंदीर पलंगाजवळ आणून ठेवला तर ओरडू नका, कागदात उचलून फेका.

घरात गरोदर बाई आहे. मांजर सोडून द्यायचं का? मांजराचा केस पोटात गेला तर मूल होत नाही म्हणतात.

केसाची गोष्ट साफ खोटी आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मात्र खरा आहे. तो मांजराच्या विष्ठेतून पडतो आणि गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला इजा करू शकतो. पण विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मातीचा ट्रे रोज साफ केला, आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसाने केला, तर धोका बराच कमी होतो. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी हे लागणीचे त्याहून मोठे रस्ते. डॉक्टरांना घरात मांजर असल्याचं सांगून ठेवा. पोत्यात घालून गावाबाहेर सोडायची गरज नाही.

लहान मूल आणि कुत्रा एका घरात ठेवावेत का?

ठेवावेत, पण दोघांनाच सोडून नाही. स्वीडनमधल्या २०१५ च्या मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत पुढे दमा थोडा कमी आढळला. शेतावर, गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांत तर बराच कमी. पण आधीच ॲलर्जी असलेल्या मुलाला कुत्र्याने बरं वाटेल असं यातून निघत नाही.

लहान मुलांना बहुतेक वेळा ओळखीचाच कुत्रा चावतो. चावण्याआधी तो सांगतो, आपण वाचत नाही. झोप आलेली नसताना जांभई देणं, ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं. व्हिडिओत मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलेलं असतं आणि सगळे 'किती गोड' म्हणतात. तेव्हा त्या कुत्र्याचे डोळे बघा. शेपूट हलते म्हणजे खूश, हेही खरं नाही. ताठ, उंच, भरभर हलणारी शेपूट म्हणजे 'लांब राहा'.

जेवताना, झोपेत आणि पिल्लांजवळ असताना कुत्र्याला हात लावायचा नाही. हे कुत्र्याला नाही, मुलाला शिकवायचं.

आई-वडील गावी एकटे असतात, आम्ही सुरतला. त्यांना सोबत म्हणून पिल्लू आणून द्यावं का?

दर दिवाळीला हा फोन येतो. माझं उत्तर ऐकून लोक नाराज होतात: पिल्लू नको. पिल्लू म्हणजे तान्हं मूल. रात्री रडणार, चपला चावणार, पायात येणार. सत्तरीतल्या बाईच्या पायात पट्टा अडकला आणि खुबा मोडला, तर कसली आली सोबत? लॅब्राडोर तर वर्षभरात तीस किलोचा होतो आणि ओढतो.

द्यायचाच असेल तर गल्लीतलाच चार-पाच वर्षांचा शांत कुत्रा बघा, जो आताही त्यांच्याच ओट्यावर येऊन बसतो. त्याला रेबीजची लस द्या, नसबंदी करा, गळ्यात पट्टा घाला. तो त्यांना आधीच ओळखतो. आणि आई दवाखान्यात भरती झाली तर त्याला भाकरी कोण टाकणार, हे आजच शेजाऱ्यांशी बोलून ठेवा. हा प्रश्न कोणी विचारत नाही. नंतर मलाच फोन येतो, 'भाऊ, कोणी नेईल का हो त्याला?'

कुत्रा चावला तर?

पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवा. घड्याळ लावून. मिरची, हळद, चुना, तेल काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस तिथे मोफत मिळते. कातडीत दिली जाणारी लस सुरू होते तो शून्य दिवस धरा, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघालं असेल तर जखमेतही इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टोचावं लागतं, ते आठवणीने विचारा. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, त्या भीतीने घरी बसू नका. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण लस सुरू करायला तोवर थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, जवळजवळ कधीच नाही. उतारा देणारे बाबा आपल्याकडे अजून आहेत; मी त्यांच्याकडे आधी गेलेली माणसं पाहिलीत.

पिसाळलेल्या म्हशीचं दूध प्यायलो, म्हणून अख्खी गल्ली घाबरून येते. उकळलेल्या दुधातून धोका नाही. कच्चं प्यायला असाल तर डॉक्टरांना सांगा.

घरच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी. जंताचं औषधही चुकवू नका. कुत्र्याचे काही जंत माणसालाही लागतात.

गल्लीतली कुत्री रात्री मोटारसायकलमागे का लागतात? त्यांना खाऊ घालू नये का?

पळणाऱ्याच्या मागे लागणं त्यांच्या रक्तात आहे. शिवाय तुम्ही वेग वाढवता, म्हणजे त्यांच्या हिशोबाने ते जिंकले. रात्रपाळीहून येणाऱ्यांना मी सांगतो, गाडी हळू करा, गरज पडली तर थांबा. बहुतेक कुत्री गोंधळून परत फिरतात. रोज तीच गल्ली असेल तर दिवसा एकदा थांबून त्यांना तुमचा वास घेऊ द्या.

खाऊ घाला, पण शाळेच्या दारात किंवा जिन्यात नको. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, नंतर जागा साफ. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्येही असंच आहे. खाणारी कुत्री हाताशी येतात, म्हणजे नसबंदी आणि लसीला पकडता येतात. कानाला खाच दिसली की समजा, त्या कुत्र्याचं काम झालंय.

राखणीसाठी कुत्रा दिवसरात्र साखळीला बांधला तर चालेल?

बांधलेला कुत्रा राखण करत नाही, भुंकतो. कोणावरही, कशावरही. त्याला पळता येत नाही, म्हणून चावणं एवढाच मार्ग उरतो. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेर-चोपड्याच्या केळीच्या पट्ट्यात तर हे सरळ क्रौर्य आहे. दाट केळीत बिबट्या दडतो आणि मळ्यात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. सकाळी नुसती साखळी सापडते. रात्री कुत्र्याला आत घ्या किंवा बंद जाळीची खोली करा.

पोपट पाळला तर चालतो का?

आपला हिरवा पोपट नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे, कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लहानपणी आमच्याकडेही होता. एकटा ठेवल्यावर छातीची पिसं उपटायचा आणि आम्हाला वाटायचं, खेळतोय.

गाई-बैलांना नावं देऊन काही फरक पडतो का?

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ५१६ दूध उत्पादकांना विचारलं. गाईंना नावाने हाक मारणाऱ्यांकडे प्रत्येक गाईमागे वर्षाला २५८ लिटर दूध जास्त निघत होतं. नावात जादू नाही. जो नाव देतो तो तिच्या अंगावरून हातही फिरवतो, पाय लंगडला तर त्याच्या लगेच लक्षात येतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात ना, तेव्हा खांद्यावर आलेली गाठ पहिल्यांदा हाताला लागते. मी कितीतरी गाठी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तपासल्यात.

जनावर गेल्यावर इतकं दुःख होणं नॉर्मल आहे का? लोक हसतात.

२०२२ च्या साथीत राज्यातला पहिला लम्पी (गुरांचा त्वचारोग) ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यात आढळला. पुढचे काही महिने मी गोठ्यागोठ्यांतून फिरलो. लम्पी माणसाला होत नाही, पण त्या गोठ्यांतली माणसं आजारी दिसायची. एका घरी जोडीतला एक बैल गेला. दुसरा दावणीला उभा, समोर हिरवी वैरण, तोंड लावत नव्हता. मालक त्याच्याजवळ खाली बसून होता, तोही सकाळपासून जेवला नव्हता. त्याच्या भावाने मला विचारलं, "आधी कोनले पाहशात?" म्हणजे, आधी कुणाला बघणार?

हसणाऱ्यांना हसू द्या. ठरलेल्या वेळी हात आपोआप भाकरीचा तुकडा बाजूला काढतो, हे काही आठवडे चालतंच. झोप-जेवण महिनाभर बिघडलेलं राहिलं तर मात्र डॉक्टरांकडे जा. घरात दुसरा प्राणी असेल तर त्याच्या खाण्या-फिरण्याच्या वेळा बदलू नका. पुरायचं असेल तर निदान चार फूट खोल. पिसाळल्याची शंका असेल तर हात न लावता पशुवैद्यकांना कळवा. गुरांसाठी फिरतं पथक १९६२ या क्रमांकावर मिळतं.

घर बदललं. मांजर सारखी जुन्या घरी पळते. काय करू?

कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर जागेला. नव्या घरी तिला दोन ते तीन आठवडे आतच ठेवा, आधी एकाच खोलीत. तिची जुनी गोधडी धुऊ नका, तशीच टाका. नंतर बाहेर सोडाल ते उपाशी पोटी, जेवणाच्या वेळेआधी, म्हणजे वाटीचा आवाज केला की परत येईल. आणि जुन्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा की ती आलीच तर कळवा, पण काही खायला घालू नका. आमच्या चिंगीला जुन्या शेजारच्या काकू रोज मासळी घालत होत्या, आणि आम्ही सहा महिने तिच्या स्वभावाला दोष देत होतो.